उत्तर बरोबर आहे, पण चुकलंय

गणपतीच्या बैठकीला मी पंधरा मिनिटं उशिरा पोहोचलो. तेवढ्यात मंडप, रोषणाई, प्रसाद आणि वर्गणी ही सगळी खाती वाटून झाली होती आणि माझ्या वाट्याला सामान्यज्ञान उरलं होतं. "तुम्ही वाचता ना," सेक्रेटरी म्हणाले. आमच्या सोसायटीत हे वाक्य 'तुमच्याकडे शिडी आहे ना' याच सुरात म्हटलं जातं. म्हणजे वस्तू तुमची, वापर सगळ्यांचा.

वरवर मी कुरकुर केली, पण मनातून बरं वाटलं. कारण सामान्यज्ञान हा आमचा घरचा धंदा. १९८९ साली बाबांनी एसटीत एक पुस्तक घेतलं होतं. गाडी फलाटाला लागलेली, घामानं सगळे बेजार, आणि एक विक्रेता दारातूनच ओरडत चढला, "जगातला सर्वांत उंच पर्वत, सर्वांत लांब नदी, सर्वांत मोठं वाळवंट, पाच रुपये, पाच रुपये!" सहारा वाळवंट इतक्या स्वस्तात पुन्हा मिळणार नाही असं वाटून बाबांनी पाकीट काढलं. पुढचा महिनाभर मी ते पुस्तक पाठ करत होतो. त्यानंतर आमच्याकडे पाहुणे आले की चहाच्या आधी मला बाहेर बोलावलं जाई. "विचारा, विचारा त्याला काहीही." पाहुणे बिचारे काय विचारणार? मग बाबाच विचारत, "बुर्किना फासोची राजधानी?" मी म्हणे, "वागाडुगू." आत्याला तो देश आहे की खोकल्याचं औषध, हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण वागाडुगू ऐकलं की ती माझ्या हातावर एक रुपया ठेवायची.

पुस्तक छापलेलं होतं तरी बाबांच्या मते ते कायम कच्चंच. रोजच्या पेपरात काही बदललं की ते निळ्या पेनने पुस्तकात दुरुस्ती करत. पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या मधली रेघ त्यांनी १९९० साली खोडली. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा मात्र त्यांची फार ओढाताण झाली. एका ओळीच्या जागेत पंधरा देश बसवायचे! समास संपला, मग मजकूर उभा वर चढला आणि शेवटी ताजिकिस्तान मलपृष्ठावरच्या खरूज-नायट्याच्या मलमाच्या जाहिरातीत जाऊन बसला. २००६ साली खगोलशास्त्रज्ञांनी प्लुटोचं ग्रहपद काढून घेतलं, त्या दिवशी बाबांनी नवव्या ग्रहावर काट मारून शेजारी 'रद्द' लिहिलं आणि खाली सही केली. रेशनकार्डावरून नाव कमी करावं तसं.

ते पुस्तक आता माझ्याकडे आहे, त्यांच्या चष्म्याच्या डबीसकट.

तर चाळीस प्रश्न काढायचे होते. मी रात्री एकपर्यंत बसून निम्मे नेटवरून घेतले आणि निम्मे सरळ बाबांच्या पुस्तकातून, निळ्या दुरुस्त्यांसह. स्पर्धा चौथ्या दिवशी, आरतीनंतर. ए, बी आणि सी अशा तीन विंगचे तीन संघ. बझर नव्हता. म्हणून ए विंगला आरतीची घंटा दिली, बीला झांजा आणि सीला वॉचमनची शिट्टी. शिट्टीचा निर्णय चुकला. ती वाजली की गेटवरचा वॉचमन सवयीनं धावत जाऊन गेट उघडायचा. पहिल्या फेरीत एक रिक्षा आणि दोन कुत्री आत आली.

पहिला प्रश्न मी जरा ऐटीत टाकला. भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? शिट्टी वाजली, गेट उघडलं, "हॉकी!" मी म्हटलं, चूक. राष्ट्रीय खेळ असा कोणताच नाही. २०१२ साली एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा क्रीडा मंत्रालयानंच सांगितलं की कुठल्याही खेळाला तसा दर्जा दिलेला नाही. मंडपात क्षणभर शांतता पसरली. मग सी विंगचे कप्तान उठले. "अहो, आम्ही चौथीत हॉकी लिहिलंय आणि मार्क मिळालेत." ए विंगमधून कोणीतरी म्हणालं, "मग ते परत करा." इथपर्यंत सगळं खेळीमेळीत चाललं होतं.

भारतातला सर्वांत लांब रेल्वे प्लॅटफॉर्म कोणता, हा प्रश्न काढताना ए विंगमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात हे मी विसरलो. काकांनी घंटा अशी बडवली की दोघंतिघं चपला काढून उभे राहिले. "खरगपूर!" माझ्या कागदावर हुबळी होतं. १,५०७ मीटर, २०२३ पासून. त्याआधी गोरखपूर, १,३६६ मीटर. खरगपूर म्हणजे मागच्याच्याही मागची गोष्ट. काका म्हणाले, "मी स्वतः ट्रंक घेऊन चाललोय त्या प्लॅटफॉर्मवर." मी म्हटलं, "काका, तुमच्या चालण्याबद्दल वाद नाही." "मग लांबीबद्दल कसा काय आहे?" यावर काय बोलणार? ज्या माणसाच्या खांद्यानं प्लॅटफॉर्म मोजलाय, त्याला मी मीटरमध्ये काय सांगणार! अर्धा गुण दिला.

तो अर्धा गुण देणं ही माझी घोडचूक झाली. अर्धा गुण मिळतो हे कळल्यावर चुकीचं उत्तर म्हणून काही राहिलंच नाही, सगळी उत्तरं अर्धी बरोबर झाली. सर्वांत मोठं वाळवंट? कागदावर अंटार्क्टिका. वाळवंट ठरतं ते पाऊस किती कमी पडतो त्यावरून, वाळूवरून नव्हे, आणि सहारा हे सर्वांत मोठं उष्ण वाळवंट. "म्हणजे उष्ण हा शब्द तुम्ही बोलला नाहीत," झांजावाल्या वहिनी म्हणाल्या, "अर्धा द्या." दिला. एव्हरेस्टची उंची? सी विंगमध्ये भूगोलाचे निवृत्त सर आहेत. ते बसल्या जागेवरून, शिट्टी न वाजवता म्हणाले, "आठ हजार आठशे अठ्ठेचाळीस." मी म्हटलं, "सर, २०२० साली नेपाळ आणि चीननं मिळून नवी उंची जाहीर केली. ८,८४८.८६." सरांनी चष्मा काढला. "शहाऐंशी सेंटिमीटर. त्याचा अर्धा कापणार तू?" मग त्यांनी उभं राहून राधानाथ सिकदारांची गोष्ट सांगितली. १८५२ साली त्यांच्या गणितातून शिखराची उंची आली. असं सांगतात की ती भरली नेमकी २९,००० फूट. लोकांना वाटेल अंदाजपंचे ठोकलीय, म्हणून छापताना दोन फूट वाढवून २९,००२ केले. "तेव्हा," सर खाली बसत म्हणाले, "दशांश चिन्हानं हुरळून जाऊ नये." टाळ्या सरांना पडल्या. गुणही मी पूर्ण दिला. शाळेतली भीती हाडात मुरलेली असते.

राज्यांच्या प्रश्नानं मात्र मला खरं ज्ञान झालं. भारतात राज्यं किती? बी विंगचे एक गृहस्थ, जे पेपर फक्त भेळेखाली धरतात, ते म्हणाले अठ्ठावीस. सी विंगचा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा मुलगा म्हणाला एकोणतीस, तेलंगण धरून. आता बघा. २००० साली राज्यं अठ्ठावीस झाली. २०१४ ला तेलंगण आलं, एकोणतीस. २०१९ ला जम्मू-काश्मीर केंद्रशासित झालं, पुन्हा अठ्ठावीस. म्हणजे ज्यानं या शतकात काहीच वाचलं नाही त्याला पूर्ण गुण, आणि ज्यानं मधल्या एका नोट्सवर विश्वास ठेवला त्याला भोपळा. भेळवाल्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. त्यांची जीवनपद्धती सिद्ध झाली होती.

सार्वजनिक गणेशोत्सव कोणी सुरू केला, हा प्रश्न मी मुद्दामच घेतला नव्हता. मंडपात चार जण मूळचे पुण्याचे. १८९२ आणि भाऊसाहेब रंगारी की १८९३ आणि लोकमान्य, हा वाद तिथेही मिटत नाही आणि आमची जागा रात्री दहापर्यंतचीच होती. त्याऐवजी निरुपद्रवी म्हणून पहिला भारतीय चित्रपट विचारला. तोही पेटला. एक गट फाळके, १९१३, 'राजा हरिश्चंद्र'. दुसरा गट तोरणे, १९१२, 'श्री पुंडलिक'. पहिला गट म्हणे ते तर रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण, कॅमेरामन इंग्रज, फिल्म धुवायलासुद्धा लंडनला पाठवलेली. दुसरा गट म्हणे धुणं कुठं टाकलं यावरून कपडा कुणाचा ते ठरतं का? दोन्हीकडे मराठी माणूसच असल्यामुळे मी तटस्थ राहिलो आणि अर्धा अर्धा वाटला.

मग आला खाद्यपदार्थांचा प्रश्न. या प्रश्नाचा मला अभिमान होता. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि वरई यांपैकी मूळचं भारतातलं कोणतं?

बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी झांजा हातात घेतल्या नाहीत, नुसतं म्हटलं, "सगळीच की रे. उपासाचे पदार्थ आहेत ते."

मी सांगितलं की वरई तेवढी आपली. साबुदाणा होतो कसावाच्या कंदापासून, तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथल्याच अँडीज पर्वतातला. शेंगदाणाही तिथलाच. मिरचीसुद्धा अमेरिका खंडातून पोर्तुगिजांबरोबर आली. मी थांबायला हवं होतं, पण अंगात आलं होतं. म्हटलं, रताळंही तिकडचंच आणि राजगिराही.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे साठ वर्षं मी अमेरिकेचं खाऊन एकादशी केली?"

"दक्षिण अमेरिकेचं, आजी."

"दिशा सांगितलीस म्हणजे पाप कमी होतं होय?"

मंडपातल्या समस्त उपासकरी महिला माझ्याकडे वळल्या. कोणीतरी विचारलं, मग खिचडीत आपलं काय उरलं? मी घाईघाईनं म्हटलं, साजूक तूप. "आणि विठोबाला चालतं की नाही ते सांग," आजी म्हणाल्या, "पोर्तुगीज बिर्तुगीज मला नको सांगूस." माझ्या उत्तरसूचीत ते नव्हतं. आजींना दोन गुण दिले. कोणत्या नियमानं, हे एकानंही विचारलं नाही.

घड्याळात पावणेदहा झाले होते. ए विंग साडेअकरा, बी साडेअकरा, सी अकरा. शेवटचा प्रश्न. मी मुद्दाम सोपा, घरचा ठेवला होता. महाराष्ट्रात जिल्हे किती?

शिट्टी वाजली, गेट उघडलं. सी विंगमधली सहावीतली एक मुलगी म्हणाली, "छत्तीस."

मी कागद पाहिला. "चूक. पस्तीस."

आता हे कसं झालं ते विचारू नका. हातात उत्तरसूची असली की माणसाचं डोकं रजेवर जातं. कागदावर पस्तीस लिहिलं होतं, म्हणून पस्तीस. मुलीचा चेहरा पडला. सर पुन्हा चष्मा काढू लागले. पण त्यांच्याआधी तिसऱ्या रांगेतून आमच्या सौभाग्यवती उठल्या आणि माइकची गरज न भासता म्हणाल्या, "अहो, मग माझी बहीण कुठल्या जिल्ह्यात राहते?"

मेहुणीचं सासर पालघरला आहे. गेल्या दिवाळीत मी तिथे तीन दिवस जेवून आलोय.

पुढचं मला नीट आठवत नाही. झांजा, घंटा आणि शिट्टी एकदम वाजल्या एवढं खरं. सी विंगला गुण मिळाला, अर्धा जास्त म्हणून अर्ध्याने विजय. बक्षीस म्हणून स्टीलचे सहा डबे होते. ते त्यांनी विंगमध्ये वाटून घेतले आणि झाकणांवरून त्यांच्यात आपापसात जे झालं ते दहाच्या नंतरचं असल्यामुळे माझ्या अखत्यारीत येत नाही. सेक्रेटरी जाता जाता खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मजा आली. पुढच्या वर्षी पण तुम्हीच." सरांनी फक्त "पालघर" म्हटलं आणि जिना चढले. आजींनी जवळ बोलावून प्रसादाची वाटी हातात दिली. उपासाची नव्हती, शिरा होता. "यात काही अमेरिकेचं नाही ना?" म्हणाल्या. मला वेलदोडा, रवा, साखर सगळं आठवलं आणि मी तोंड भरून "नाही" म्हटलं.

घरी आल्यावर बायको झोपेपर्यंत हसत होती. मी पुस्तक काढलं. हा आकडा आला कुठून, ते बघायचं होतं. 'आपला महाराष्ट्र' असं ठळक अक्षरात, खाली छापलेलं: जिल्हे ३०. त्यावर निळी काट, शेजारी ३१, मुंबई उपनगर. त्यावर काट, ३३, नंदुरबार, वाशिम. पुन्हा काट, ३५, हिंगोली, गोंदिया. प्रत्येक आकड्याखाली बारीक सही. पस्तीसच्या पुढे दोन बोटं जागा मोकळी होती.

पालघर १ ऑगस्ट २०१४ चा.

निळं पेन शोधलं, घरात एक चालेल तर शपथ. शेवटी मुलीच्या कंपासमधून पेन्सिल घेतली, पस्तीसवर हलकीशी रेघ मारली, पुढे ३६ लिहिलं आणि सही कुठे करायची ते बघत बसलो.