बाराखडी तोंडपाठ, पण पाटी वाचता येईना: सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

पहिलीच्या वर्गातल्या गाण्या-गोष्टींवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली तेव्हा राग आला. आज दुपारी डबा खाताना परत वाचली, तेव्हा लक्षात आलं की एका ठिकाणी तुम्ही मला बरोबर पकडलंय. वाळवा तालुक्यात जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला 'धन्यवाद सर' एवढ्यावर वाटेला लावणं बरं दिसत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. सरांचं म्हणणं असं की बाराखडी घोटून घेतल्याशिवाय वाचन येत नाही, आमच्यासारखे शिक्षक 'आनंददायी'च्या नावाखाली पोरांचं वाटोळं करतायत, शिकवायचं सोडून शाळेची रंगरंगोटी करतायत, आणि वर अशुद्ध उच्चारही खपवून घेतायत. त्यांच्या काळात म्हणे दुसरीची पोरं पेपर वाचायची. सरांचा नातू दुसरीत आहे आणि त्याला 'आई-बाबा' यापलीकडे काही वाचता येत नाही. शेवटी एक वाक्य आहे, 'कच्ची पोरं आम्ही संध्याकाळी घरच्या ओट्यावर बसवायचो, तुम्ही काय करता?' त्याकडे नंतर येते.

आधी माझी चूक. 'अक्षरं मुलांना आपोआप कळत जातात' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेते. बोलणं आपोआप येतं, कारण घरात दिवसभर बोलणं कानावर पडतं. अक्षर माणसानं ठरवलेली खूण आहे, ती कुणीतरी दाखवावीच लागते. माझ्या वर्गातली चार मुलं मेंढरांच्या वाड्यावर वाढलेली आहेत. तिथं छापील कागद म्हणजे बिस्किटाच्या पुड्याचा. त्यांना अक्षरं 'आपोआप' कुठून येणार?

आणि रंगरंगोटीवरचा तुमचा टोलाही मला लागला. २०१५च्या आसपास सातारा तालुक्यातलं कुमठे बीट (एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट) बघायला राज्यभरातून गाड्या भरून शिक्षक यायचे. मीही गेले होते. तिथल्या मुलांना आपापलं शिकताना बघून भारावून आले आणि येताना तिथली कामाची रीत आणायची सोडून फक्त रंग आणला. व्हरांड्याची फरशी आठ दिवसांत रंगवून काढली. वर्ष संपलं तेव्हा फरशीचे फोटो झकास होते आणि तिसरीतली सहा मुलं अडखळत होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पण बाराखडीचं मला पटत नाही, सर.

माझी आई दुसरीतून काढलेली. आज पासष्टीत आहे. 'क का कि की' सुरू केलं तर थेट 'ज्ञ'पर्यंत सुरात म्हणते, मध्ये श्वास घेत नाही. आणि स्टँडवर शेजारच्या बाईला विचारते, 'ही दहिवडीची का म्हसवडची?' एसटीची पाटी समोर असते. त्या पाटीतलं प्रत्येक अक्षर तिच्या पाठांतरात आहे, पण पाटीवर ते तिला ओळखू येत नाही. तुमच्या काळात दुसरीची पोरं पेपर वाचायची, हे खरंच असेल. पण जी वाचत नव्हती ती चौथीपर्यंत वर्गात टिकत होती का?

माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी एक मुलगा दुसऱ्या शाळेतून आला. बाराखडी खणखणीत. फळ्यावर नुसतं 'कू' लिहून विचारलं. तो थांबला, ओठ हलायला लागले, बोटं मोजल्यासारखी मिटायला लागली: क, का, कि, की, कु... 'कू!' म्हणजे त्याला उकार माहीत नव्हता, 'कू'चा नंबर माहीत होता. मग 'सू' विचारलं तर परत 'स'पासून सुरुवात. या चालीनं 'कूस' वाचायला त्याला अर्धा मिनिट लागलं, आणि तोवर कशाची कूस, कुणाची कूस, सगळं डोक्यातून गेलेलं.

हिशेब करून बघा. ङ आणि ञ सोडले तरी बत्तीस व्यंजनं उरतात, आणि आता ॲ, ऑ धरून चौदाखडी झालीय. म्हणजे ४४८ आकार. हे सगळे पाठ होईपर्यंत मुलाला एकही वाक्य वाचायला मिळत नाही. याउलट काना ही एक खूण कळली की ती बत्तीसच्या बत्तीस ठिकाणी चालते. म्हणून मी सुरुवातीला म, क, ल, र ही चारच अक्षरं घेते आणि त्यांच्या जोडीला लगेच काना. मका, मला, काका, मामा, माल, लाल, काम. पंधरा दिवसांत पोरं शब्द वाचतात.

गेल्या जुलैत मी फळ्यावर लिहिलं, 'मामा कामाला. काका कामाला.' पुढच्या बाकावरच्या पोरीनं बोट ठेवून वाचलं, जरा थांबली आणि म्हणाली, 'बाई, आन् मामी? ती बी कामालाच हाय की.' दीर्घ वेलांटी माझ्या नियोजनात पुढच्या आठवड्यात होती. त्या दिवशीच घेतली. 'मामी कामाला. काकी कामाला.' ती वेलांटी त्या पोरीला पुन्हा शिकवावी लागली नाही. सर, यात गाणं नव्हतं, खेळही नव्हता. खडू आणि फळाच होता, तुमचाच.

ही काही माझी अक्कल नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी हे काम कितीतरी आधी केलं. अमेरिकेतून आलेल्या, फलटणच्या बोलीवरच पीएचडी केलेल्या आणि तिथंच राहून १९७८ साली भारताचं नागरिकत्व घेतलेल्या या बाईंनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था उभी केली. थोडी अक्षरं, सोबत स्वरचिन्हं, लगेच वाचायला अर्थाचं काहीतरी, हा धागा मी तिकडूनच उचलला.

त्यांच्यावरूनच उच्चारांचं निघालं. आमच्या माण तालुक्यात पुस्तकातलं 'मांजर आहे' पोरं 'मांजर हाय' वाचतात आणि 'पाणी'चं 'पानी' करतात. तुम्ही याला चूक म्हणता. मी आधी बघते की बोट कुठं आहे. बोट 'आहे'वर आणि तोंडात 'हाय' असेल, तर त्यानं वाचलं, कळून घेतलं आणि आपल्या भाषेत सांगितलं. ते मी त्या क्षणी टोकत नाही. लिहिताना 'ण' आलाच पाहिजे, तिथं सूट नाही. पण 'मांजर'ला कुणी 'मांडव' म्हटलं, तर तो पहिलं अक्षर बघून ठोकतोय, आणि तिथं मी लगेच थांबवते. दोन्हीला एकच लाल रेघ मारली तर बोलीतलं पोर तोंड मिटून बसतं, हे बघितलंय मी.

आणि शुद्ध उच्चार तरी अक्षरावरून कुठं सगळा कळतो? 'चार' आणि 'चारा', दोन्हीत 'च' तोच, पण उच्चार वेगळा. तिसरीतल्या एकानं 'बैलाला चारा दे' वाचताना 'चार'मधला च लावला, अडला, स्वतःशीच हसला आणि दुरुस्त केलं. चाऱ्यासाठी छावणीवर राहिलेल्या घरातला पोरगा तो, त्याला चारा कुणी शिकवायचा? बाराखडीनं ही दुरुस्ती झाली नसती. अर्थानं झाली.

आता तुमचा ओटा. सर, माझ्या मते तुमची पोरं त्या ओट्यावर वाचायला शिकली. एकेकाला जवळ बसवून, कुठं अडतो ते ऐकून. बाराखडी वर्गात सगळे मिळून ओरडत होतेच, तरी कच्ची राहिलेली पोरं ओट्यावर येतच होती ना? आमच्या दोनशिक्षकी शाळेत तो ओटा मला परिपाठानंतरच्या चाळीस मिनिटांत बसवावा लागतो. मी एकेका मुलाचं ऐकते, तेव्हा चौथीतली दोन मुलं पहिलीला वाचून दाखवतात. आठवड्यात प्रत्येकाची पाळी दोनदा येते. जेव्हा ऑनलाइन माहिती 'आजच' भरायची असते तेव्हा एकदाच. यावर मी आणखी लिहिलं तर विषय भरकटेल.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्दांचं लक्ष्य तुम्हाला थट्टा वाटते. मला वाटत नाही. शब्द फार सावकाश जुळवला तर वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरते, ते 'कूस'च्या वेळी बघितलं. फक्त घड्याळ लावून तोच उतारा चाळीस वेळा वाचून घेतला की ६० येतात आणि वाचन येत नाही, हेही तितकंच खरं. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या २०२४च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत, तिसरीतली २३.४ टक्के मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकली. तेव्हा तुमची काळजी खोटी आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

नातवाचं सांगते. आज संध्याकाळी त्याला शेजारी घ्या आणि दिवसभरात काय झालं ते बोलू द्या. तो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत, 'हाय' म्हणाला तर 'हाय', मोठ्या अक्षरात चार ओळी लिहा. बोट ठेवून आधी तुम्ही वाचा, मग त्याला वाचू द्या. उद्या त्याच ओळींतले शब्द सुटे करून विचारा. आठवडाभर हे करा आणि कुठं अडतो ते मला इथंच कळवा: काना-वेलांटी गाळतो, की पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देतो, की ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते म्हणून 'कि'मध्ये गोंधळतो. तिन्हीला वेगवेगळं करावं लागतं, आणि त्याचं ऐकल्याशिवाय मला इथून सांगता येणार नाही.