रेणी वेटिंगला, सुह्या फेलो

सामाजिक कामाच्या फेलोशिपची लिस्ट लागली ते सगळ्यांना माहितीय, परत सांगत बसत नाही. सुह्या लागला, रेणी वेटिंगला चौथी. संध्याकाळी अशोक चौकातल्या टपरीवर सुह्या आला तो नवाकोरा खादीचा कुर्ता घालून, खांद्याला शबनम. अस्लम लांबूनच ओरडला, "काय बे, तू जॉइन व्हायच्या आधी कपडेच जॉइन झाले की!"

सुह्याचं एक आहे. बोलायला लागला की 'कम्युनिटी', 'ग्रासरूट', 'रॅपो' हे तीन शब्द आळीपाळीनं येतात, मराठी मधे फक्त दम घ्यायला. बाप बिल्डर, जुळे सोलापुरात स्कीम चालू, आणि हा बसल्या बसल्या म्हणतो, "आपलं प्रिव्हिलेज ओळखणं ही पहिली स्टेप असते गं रेणू."

"ओळखलास ना? मग चहाचे पैसे आज तू दे," रेणी म्हणली.

मग इंटरव्ह्यूचा विषय निघाला. रेणीला पॅनलनं पहिलं काय विचारलं तर घरात तेलुगू बोलता का, म्हणजे आडनावावरनं सगळा हिशोब आधीच झालेला. दुसरा प्रश्न, तुम्ही त्याच वस्तीतल्या, मग काम करताना ऑब्जेक्टिव्ह राहता येईल का. आणि सुह्याला काय विचारलं? की बाबा एवढं सगळं असताना इकडं कसा वळलास. दहा मिनिटं कौतुक.

रेणी म्हणली, "हा वळला म्हणून त्याग. मी आधीपासनं तिथंच उभीय म्हणून बायस."

मी इथं मोठ्यानं हसलो, ते सुह्याला लागलं. म्हणला तू कायम तिचीच बाजू घेतोस. घेतो.

तर सुह्यासाहेबांनी हुकमी पत्ता काढला. "तू राहतीस त्या वसाहतीला नाव कुणाचंय? गोदूताई परुळेकर! पुण्याच्या वकिलाची पोरगी, स्वतः कायदा शिकलेली, आणि 1945 ला वारली आदिवासींच्या लढ्यात. कुठं पुणं, कुठं तलासरी. बाहेरचं माणूस काम करू शकत नाही असं कसं म्हणतीस?"

आता कुंभारीच्या त्या वसाहतीचं रेणीला हा सांगणार! कामगारांचे पुढारी आडम मास्तर, त्यांच्या मोर्च्यात विडीवाल्या बायका वर्षानुवर्षं चालल्या तेव्हा 10 हजार घरं झाली, 2006 ला मनमोहनसिंग चाव्या द्यायला आले तेव्हा ही अम्माच्या कडेवर.

"मी कुठं म्हणलं करू शकत नाही?" रेणी म्हणली. "त्या जाऊन राहिल्या, जेलात गेल्या. तू आमच्या घरी आलतास, अम्मानं पाणी दिलं तर बॅगेतनं बाटली काढलास."

"माझं पोट खराब होतं गं!"

"ग्रासरूटला पोट लागतं आधी." हे अस्लमचं.

पण एक कबूल करायला पाहिजे, सुह्या एका ठिकाणी बरोबर बोलला. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या एम.ए.सारख्या कोर्सच्या, फील्डवर्कला दोघं एकाच गल्लीत सर्व्हेला होते. रेणीला बायका नुसत्या हसून "तुझ्या अम्माला माहितीय की सगळं" म्हणायच्या, आणि ह्याला मात्र नवऱ्याची दारू, मारहाण, कर्ज, सगळं सांगितलं, वर थंडा पाजला. म्हणजे घरचं असणं पण आडवं येतं. रेणी जरा वेळ गप्प बसली, मग म्हणली, "खरंय. मला सांगितलं तर सकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या लाईनीत बोभाटा होईल अशी भीती. तुला सांगितलं कारण तू जाणार हे त्यांना माहितीय. रेल्वेत शेजारी बसलेल्याला नाही का लोक सगळं सांगत, तसं."

अस्लमचं वेगळंच दुखणं. 2020 च्या लॉकडाऊनला हा रेशनच्या किट वाटायला गेला तर तिथले साहेब म्हणले, तू 'तुमच्या लोकांच्यात' वाट. "आमचे लोक म्हणजे कोण बे? आमची अख्खी गल्ली पद्मशाली, तेलुगू विणकरांची. मला तेलुगू माझ्या मामाच्या उर्दूपेक्षा बरी येते. तरी मला मशिदीपुढंच उभं केले." त्यावरनं एनएसएस कॅम्पचं जुनं उकरून निघालं, खड्डे रेणीनं खणलेले आणि फावडं धरून पेपरात फोटो सुह्याचा. ह्या फोटोवरनं गेली चार वर्षं भांडण चालूय, त्यामुळं सोडतो.

खरी गंमत पुढं. अस्लमनं विचारलं, दोघांनी फॉर्मबरोबर ते स्टेटमेंट ऑफ पर्पज का काय ते लिहिलं ना, त्यात लिहिलं काय? सुह्या एकदम चहात बघायला लागला. मग हळूच म्हणला, "एका विडी कामगार महिलेचा संघर्ष." मांडीवरचं सूप, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरून दोरा मारायचा, हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही, कारखान्यानं खराब म्हणून छाट काढली की तेवढी मेहनत पाण्यात, सगळं. फक्त नाव बदललेलं.

"माझी अम्मा लिहिलास तू?" रेणी म्हणली.

"आणि तू काय लिहिलीस?"

"आई गृहिणी."

कुणी बोललं नाही. शाळेत हिच्या वह्यांना तंबाखूचा वास येतो म्हणून बाईंनी शेवटच्या बाकावर बसवलेलं, ते आम्हाला तिघांनाही माहिती. तेव्हापासनं ती फॉर्मवर गृहिणीच लिहिते, कुणाची कीव नको म्हणून.

शेवटी अस्लमच म्हणला, "म्हणजे बघा, लिस्टमधे नंबर अम्माचा लागलाय. सुह्या, तू उगं कुर्ता शिवून घेतलास. अम्माला पाठवा जॉइन व्हायला."

रेणी आधी फुटली, मग सगळे. सुह्या पण, लाल होऊन. अम्मा फेलो होऊन मिटींगला गेली तर साहेबांना पहिलं काय विचारेल ह्याच्यावर अर्धा तास गेला. अस्लमच्या मते, "काय छाटायलाव?" त्या नादात चहाचे पैसे कुणीच दिले नाहीत. टपरीवाल्या मामांनी वही काढली आणि सुह्याच्या नावावर चार कटिंग मांडले.