कॉलेज हॉकीचे सोळा संघ बंद खोलीत ठरत नाहीत

इथल्या मिनेसोटातल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत कोणते सोळा संघ खेळणार हे एनसीएएची (कॉलेज खेळ चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) समिती बंद खोलीत ठरवते. टीव्हीवर बघितली जाणारी मोठी नावं आधी घेते. बिग टेन कॉन्फरन्सला (कॉन्फरन्स म्हणजे हंगामभर मुख्यतः आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) जागा राखून ठेवलेल्या असतात. जास्त सामने जिंकलेले छोटे संघ बाहेर राहतात आणि कमी जिंकलेले मोठे आत जातात. आणि शेवटी पालकांना सल्ला: मुलाला हॉकीत पुढे जायचं असेल तर छोट्या कॉलेजात घालू नका.

हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो हायस्कूलच्या संघात डिफेन्सला खेळतो आणि पूर्वेकडच्या एका लहान कॉलेजचे कोच त्याच्याशी बोलताहेत. परवा त्याने मला विचारलं, "आत्या, तिथे गेलो तर नॅशनल्स विसरायचं ना?" लिहिणाऱ्याने आपला संघ हरल्याचा राग काढला असेल, पण त्यावरून सतरा वर्षांचा मुलगा कॉलेज ठरवणार असेल तर उत्तर द्यायलाच हवं.

आधी ती बंद खोली. सोळापैकी सहा जागांवर समितीचा काडीचाही अधिकार नाही. सहा कॉन्फरन्स आहेत: अटलांटिक हॉकी अमेरिका, बिग टेन, सीसीएचए, ईसीएसी, हॉकी ईस्ट आणि एनसीएचसी. प्रत्येकीची मार्चमधली स्पर्धा जो जिंकतो, तो थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. उरलेल्या दहा जागा गणिताने भरतात. कितीतरी वर्षं हे गणित पेअरवाइज नावाने ओळखलं जायचं. त्यात प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी तुलना व्हायची: समोरासमोर कोण जिंकलं, दोघांच्या सामायिक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कोणाचा निकाल चांगला आणि आरपीआय (स्वतःचे निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद मिळून काढलेला आकडा) कोणाचा जास्त. जितक्या तुलना जिंकाल तितके वर. २०२५-२६ च्या हंगामापासून ही जागा एनपीआय या एकाच निर्देशांकाने घेतली, पण तत्त्व तेच: निकाल, आणि ते कोणाविरुद्ध मिळाले.

एनसीएए स्पर्धेआधी जी नियमपुस्तिका काढते तिच्यात हे निकष छापलेले असतात. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एकानेही ती उघडलेली दिसत नाही. निकष उघड असल्यामुळेच हॉकीची संकेतस्थळं हंगामभर ही यादी रोज मांडतात आणि शनिवारी रात्री शेवटचा फायनल संपला की रविवारच्या घोषणेआधीच सोळा नावं सगळ्यांना ठाऊक असतात. आयपीएलमध्ये बरोबरीत असलेल्या दोन संघांपैकी प्लेऑफला कोण जाणार हे नेट रनरेट ठरवतो, बीसीसीआयची बैठक नाही. इथेही तसंच आहे. "पोलमध्ये आमचा संघ वर होता तरी वगळला" अशी तक्रारही मेसेजमध्ये आहे. पत्रकार आणि कोच मतं देऊन जे पोल काढतात, त्यांचा निवडीशी काही संबंध नाही. शून्य.

आता मोठ्या नावांचा आरोप. त्यासाठी २०१३ सालचा मार्च पुरेसा आहे. मिशिगन म्हणजे कॉलेज हॉकीतलं सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. १९४८ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्समध्ये झालेली पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्यांनीच जिंकली. १९९१ ते २०१२ अशी सलग बावीस वर्षं ते या स्पर्धेत होते. २०१३ ला त्यांचा हंगाम फसला, गणितात ते मागे पडले आणि आत जायला सीसीएचएचा फायनल जिंकणं एवढाच रस्ता उरला. तो फायनल ते नोत्र दामकडून हरले आणि बावीस वर्षांची मालिका तिथे तुटली. टीव्हीसाठी नावं निवडणारी समिती असती तर तिने मिशिगनला सोडलं असतं का?

मिशिगन हरल्यामुळे वाचलेली जागा येलला मिळाली. येल आयव्ही लीगमधलं, खेळासाठी शिष्यवृत्ती न देणारं. आपल्या कॉन्फरन्सच्या शेवटच्या दोन सामन्यांत त्यांना एकही गोल करता आला नव्हता. डोळ्यांनी निवड करणाऱ्या कोणत्याही समितीने तेव्हा येलला घेतलं नसतं. गणिताने घेतलं, कारण हंगामभराचे निकाल त्यात होते. पुढे येलने मिनेसोटाला ओव्हरटाइममध्ये, नॉर्थ डकोटाला ४-१ ने आणि मॅसॅच्युसेट्स-लोवेलला पुन्हा ओव्हरटाइममध्ये हरवलं. फायनल पिट्सबर्गला होता, समोर अव्वल मानांकनाचं क्विनिपिॲक, ज्यांनी त्याच हंगामात येलला तीनदा हरवलं होतं. येलने तो ४-० असा जिंकला. शेवटच्या जागेवरून आत आलेला संघ विजेता. दोन वर्षांनी प्रॉव्हिडन्सनेही शेवटच्या जागेवरून येऊन हेच केलं.

बिग टेनच्या राखीव जागांबद्दल फार लिहायची गरज नाही. तिथे सात हॉकी संघ आहेत आणि बाकीच्या पाच कॉन्फरन्सप्रमाणे त्यांनाही हक्काची एकच जागा. २०१४ ते २०२५ या काळात बिग टेनच्या संघाने एकदाही विजेतेपद मिळवलेलं नाही. २०१४ चा विजेता कोण? स्कनेक्टडीचं युनियन कॉलेज, जिथे साधारण दोन हजार विद्यार्थी शिकतात. त्यांनी फायनलमध्ये कोणाला हरवलं? आमच्या मिनेसोटाला, ७-४. २०२३ ला क्विनिपिॲकनेही फायनलमध्ये मिनेसोटालाच ओव्हरटाइम सुरू होताच दहा सेकंदांत गोल करून हरवलं. भाच्याला मी हे दोन सामने बघायला सांगितले आहेत.

"जास्त जिंकलेला बाहेर, कमी जिंकलेला आत" हे मात्र घडतं. ते अन्यायाने घडत नाही. साठहून थोडे जास्त संघ, प्रत्येकाचे साधारण पस्तीस-चाळीस सामने, त्यातले बहुतेक आपल्याच कॉन्फरन्समध्ये. सोप्या कॉन्फरन्समधले पंचवीस विजय आणि कठीण कॉन्फरन्समधले वीस विजय एकाच तराजूत कसे घालणार? म्हणून आरपीआयमध्ये स्वतःच्या विजयांना फक्त २५ टक्के वजन होतं, प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला २१ आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला ५४.

आणि इथे त्या मेसेजला थोडं मानावंच लागतं. एखादी कॉन्फरन्स किती तगडी हे ठरतं ते तिच्या संघांनी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाहेरच्या संघांशी खेळलेल्या मोजक्या सामन्यांवरून. हे सामने मोठे संघ शक्यतो आपल्याच रिंकवर ठेवतात. छोट्या कॉलेजला बसने त्यांच्याकडे जावं लागतं आणि परतीचा सामना क्वचितच मिळतो. घरच्या विजयाला ०.८ आणि बाहेरच्या विजयाला १.२ असं वजन दिलं गेलं ते यावरच उपाय म्हणून, पण त्याने सगळं भरून निघत नाही. अटलांटिक हॉकीसारख्या कॉन्फरन्समधून बहुतेक वर्षी विजेता एकटाच जातो. हे दुखणं खरं आहे. ते वेळापत्रकाचं आहे, बंद खोलीचं नाही.

समितीच्या हातात काहीच नसतं असंही नाही. कोणता संघ कुठल्या शहरात खेळणार हे तीच ठरवते आणि यजमान कॉलेज पात्र ठरलं तर त्याला त्याच्याच ठिकाणी खेळवावं लागतं. २०२५ ला ॲलनटाउनमध्ये यजमान पेन स्टेट तिथल्या चार संघांतलं चौथं मानांकन, पहिलं मानांकन मेन विद्यापीठाचं. पेन स्टेटने आपल्या राज्यात, आपल्या प्रेक्षकांसमोर मेनला ५-१ ने हरवलं आणि पुढे फ्रोझन फोरही (शेवटच्या चार संघांची फेरी) गाठलं. मेनवर हा अन्याय झाला असं माझं स्पष्ट मत आहे. पहिली फेरी वरच्या मानांकनाच्या घरी व्हावी ही मागणी जुनी आहे आणि योग्य आहे. आणखी एक अपवाद: २०२१ ला कोविडमुळे कॉन्फरन्सबाहेरचे सामने जवळजवळ झालेच नाहीत, तुलनेला आधारच उरला नाही, आणि समितीला खरोखर आपल्या मताने संघ निवडावे लागले. त्या एका वर्षावरून दरवर्षीचा नियम सांगणं ही फसवणूक आहे.

छोट्या कॉलेजचा सल्ला उरला. होली क्रॉसने २००६ ला अटलांटिक हॉकीतून येऊन मिनेसोटाला ओव्हरटाइममध्ये हरवलं. बेमिजी स्टेट २००९ ला सोळावं मानांकन असताना फ्रोझन फोरला पोचलं, आरआयटी त्याच्या पुढच्या वर्षी. युनियन आणि येलचं वर सांगितलंच. ही सगळी मुलं "विसरा" म्हटलेल्या कॉलेजांतली होती.

भाच्याला मी सांगितलंय की कोचशी पुढचं बोलणं होईल तेव्हा नॅशनल्सला जाता येईल का हे विचारू नकोस. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॉन्फरन्सबाहेर कोणाशी खेळता, त्यातले किती सामने घरी असतात आणि गेल्या तीन वर्षांत त्यातले किती जिंकलात, हे विचार.