"डिपॉझिट परत मिळालं ना, मग तक्रार कसली?" म्हणणाऱ्यांना उत्तर

एक मेसेज खूप फिरतोय. गाडी यायला फार उशीर झाला म्हणून डीलरने दिव्यांग ग्राहकाचं बुकिंग कॅन्सल केलं तर बिघडलं काय, पैसे परत मिळतात, दुसरी गाडी घ्यायची, उशीर सगळ्यांनाच होतो, वर सवलत पण यांनाच. वाचून राग आला, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पैसे परत मिळतात, मान्य. पण वर्षभर रांगेत काढलं तो नंबर कुठे परत मिळतो? नवीन बुकिंग म्हणजे शेवटचा नंबर, वाढलेली किंमत आणि तोवर जुनी गाडी ढकलत राहायची.

"दुसरी कुठलीही घ्या" म्हणणाऱ्याने व्हीलचेअरवरून गाडीत बसणारं माणूस जवळून बघितलेलंच नाही. माझी बहीण बसते तेव्हा आधी दार पूर्ण उघडायचं, खुर्ची सीटला चिकटवून ब्रेक लावायचा, मधे फळी टाकायची आणि हातांच्या जोरावर सरकायचं, सीट चार बोटं जरी उंच असली तरी तिला चढता येत नाही, आणि फार खाली असली तर आत जाणं जमतं पण बाहेर येताना दोघांनी उचलावं लागतं. शिवाय खुर्ची डिकीत मावली पाहिजे. म्हणून ती शोरूममध्ये टेप घेऊन जाते, रंग-बिंग नंतर. हँड कंट्रोलचंही (ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवायची सोय) तेच, ते सहसा त्या मॉडेलला बघून बसवतात, एकातून काढून सहज दुसरीत टाकलं असं होत नाही.

"डीलर काय करणार, कंपनीकडूनच गाडी येत नाही." अर्धं खरं आहे. २०२१ ला गाडीत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा होता, २०२२ ला युद्धामुळे युक्रेनमधून येणारं वायरिंग अडकलं. पण त्याच काळात बऱ्याच कंपन्यांनी हातातल्या चिप जास्त नफ्याच्या गाड्यांना आधी लावल्या, म्हणजे कोण थांबणार हे कुणीतरी ठरवतच होतं ना. आणि थांबता थांबता मॉडेलच बंद होणार असेल, तर ते वेळेत फोन करून सांगायला डीलरला कुठली चिप लागते?

उशीर सगळ्यांना झाला, हो, पण बाकीचे तोवर बसने जातात. पायऱ्या असलेल्या बसमध्ये माझी बहीण चढणार कशी?

राहिली सवलत. ब्रिटनमध्ये १९७७ पासून मोटॅबिलिटी योजना आहे, तिथे लोक स्वतःला मिळणारा प्रवासभत्ता गाडीच्या भाड्यात देतात, महाग गाडी हवी तर वरचे पैसे पदरचे. याला फुकट म्हणतात का? दिव्यांगांच्या हक्कांचा २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आहे ना, त्याच्या कलम २० मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की त्यांना हवं तेव्हा, हव्या त्या पद्धतीने आणि परवडेल अशा खर्चात फिरता आलं पाहिजे.

मॉडेल बंदच होणार असेल तर आधी कळवा, मापात बसणारी दुसरी गाडी दाखवा आणि तिला जुन्या बुकिंगचीच तारीख लावा. एवढंच मागतोय आम्ही.