दादांचे सॉफ्टवेअर दादांचे का नाही?

आज सकाळी दादांच्या खात्यावर एक ईमेल आला. तीन ओळींचा. आपण घेतलेला परवाना केवळ मूळ खरेदीदाराच्या वापरासाठी आहे, तो अन्य कोणाच्याही नावे करता येणार नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. दादांनी विकत घेतलेली स्ट्रिंग्जची, म्हणजे व्हायोलिन-चेलोसारख्या तंतुवाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांची, सॉफ्टवेअर लायब्ररी एका नवख्या मुलीच्या नावे करून द्या, अशी विनंती आम्ही केली होती आणि या तीन ओळींसाठी एकोणीस दिवस थांबलो होतो. मधल्या काळात दोनदा आठवण करून दिली होती, खरेदीची पावती पाठवली होती, मागितली म्हणून दादांच्या ओळखपत्राची प्रतही पाठवली होती. ईमेल वाचून मी जो उठलो तो तासभर एका जागी बसू शकलो नाही. आता बसलो आहे, तर मनात आहे ते सगळे लिहूनच उठेन.

दादांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात, म्हणून नाव लिहीत नाही. तीस वर्षे त्यांनी नाटकांना आणि माहितीपटांना पार्श्वसंगीत दिले. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या उजव्या कानाने ऐकू येणे जवळजवळ थांबले आणि डाव्या कानात दिवसरात्र एक बारीक शिट्टी वाजत असते. मिक्सिंग करताना वरच्या पट्टीतले आवाज आपल्याला खात्रीने कळत नाहीत हे ज्या दिवशी त्यांच्या लक्षात आले, त्या दिवशी त्यांनी हातातले काम तेवढे पुरे केले आणि पुढचे घेणे थांबवले. त्याबद्दल ते फारसे बोलत नाहीत. त्यांचा हट्ट एकच होता, की घरात जे काही आहे ते धूळ खात पडू नये, कोणा शिकणाऱ्याच्या हाती जावे आणि वाजत राहावे.

त्यांचा कीबोर्ड एका रविवारी दुपारी गेला. तो घ्यायला आलेली मुलगी नुकतीच स्वतंत्रपणे कामे घेऊ लागली आहे. ती वाजवत होती तेव्हा दादा शेजारच्या स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकवून उभे होते, कारण कानाला जे लागत नाही ते हाताला थोडे कळते. मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी जरा जोर लावून दाबावी लागते, हे त्यांनी तिला स्वतःहून सांगितले. तिने पैसे दिले, आम्ही कीबोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून गाडीत ठेवला आणि व्यवहार संपला. तो कीबोर्ड बनवणाऱ्या कंपनीला आम्ही विचारले नाही. विचारायला हवे होते असे तुमच्यापैकी एकाला तरी वाटते का? यामाहाचा डीएक्स७ बाजारात आला १९८३ साली. त्याचे नग आजही एका हातातून दुसऱ्या हातात जातात, त्यासाठी यामाहाकडे कोणी अर्ज करत नाही, आणि म्हणून यामाहा बुडालेलीही नाही.

त्याच रविवारी त्या मुलीने विचारले, "सर, तुमच्याकडची स्ट्रिंग्जची लायब्ररी पण देणार आहात का?" दादांचा चेहरा उजळला. ते आत जाऊन एक निळी वही घेऊन आले. त्या वहीत त्यांनी विकत घेतलेल्या चौदा सॉफ्टवेअरची नावे आहेत, प्रत्येकापुढे खरेदीची तारीख, सिरियल नंबर आणि कोणत्या ईमेलवर नोंदणी केली ते, सगळे शाईच्या पेनाने आणि शून्य व ओ यांत गल्लत होऊ नये म्हणून शून्यावर आडवी रेघ मारून लिहिलेले. आपल्या या धंद्यात पायरेटेड प्रती किती सहज मिळतात हे तुम्हाला सांगायला नको. इतकी वर्षे एकही चोरीची प्रत न वापरता या माणसाने काम केले, वहीतल्या एकेका ओळीसाठी कधी महिनाभर तर कधी सहा महिने पैसे साठवले.

त्या दिवसापासून आज चार महिने झाले. चौदांपैकी सहा परवाने तिच्या नावावर गेले, आणि न्यायाने सांगायचे तर त्यांतले दोन अगदी दहा मिनिटांत गेले: खात्यात जाऊन तिचा ईमेल भरला, तिने तिकडून स्वीकारले, दादांच्या यादीतून नाव गेले. आणखी तीन कंपन्यांनी शुल्क मागितले, ते आम्ही भरले आणि तेही परवाने गेले. एका कंपनीची मालकी मध्यंतरी बदलली आहे आणि नव्या मालकाच्या नोंदीत दादांचे खातेच नाही. चौघांनी सरळ नकार दिला. त्यांतल्या दोन गोष्टी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकाला माइक आणि वाद्ये जोडायचे यंत्र, त्यासोबत आलेल्या होत्या, त्या वेगळ्या काढून देता येत नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आजचा चौथा नकार स्ट्रिंग्जच्या त्या लायब्ररीचा आहे. वहीतली सगळ्यात महाग ओळ तीच, आणि त्या मुलीने तोंडाने मागितलेली एकमेव गोष्टही तीच.

कंपनीचे म्हणणे मला पाठ झाले आहे. लायब्ररी म्हणजे नुसता प्रोग्रॅम नाही, ती ध्वनिमुद्रणे आहेत. विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत पुसली की नाही हे आम्ही कसे तपासणार? मान्य आहे, ते तपासता येत नाही. पण ज्याला प्रत ठेवून घ्यायची आहे तो तुमच्याकडे परवानगी मागायला येतो का? तो एकोणीस दिवस ईमेलची वाट बघतो का, ओळखपत्र पाठवतो का? हा नियम चोराला आडवा येतच नाही. तो फक्त दादांसारख्यांना आडवा येतो, म्हणजे ज्यांनी पूर्ण पैसे मोजले, अटी पाळल्या, आणि आता दार वाजवून विचारले.

तांत्रिक अडचण म्हणाल, तर ती मला पटत नाही. कोणता परवाना कोणत्या मशीनवर चालू आहे हे या कंपन्यांना बसल्या जागी कळते. संगणक बदलला तर जुन्यावरचे ॲक्टिव्हेशन काढून नव्यावर देता येते, आणि ते आपण सगळेच करत आलो आहोत. आयलॉक या अनेक कंपन्यांचे परवाने सांभाळणाऱ्या व्यवस्थेत प्रकाशक कंपनीने परवानगी दिलेली असेल तर २५ डॉलर भरून परवाना दुसऱ्याच्या खात्यावर जातो, आणि विकणाऱ्याकडे तो उरतच नाही. स्टाइनबर्ग या संगीत-सॉफ्टवेअर कंपनीने २०२२ साली डोंगल, म्हणजे परवाना साठवणारी यूएसबीची कांडी, सोडून खात्यावर चालणारी नवी परवाना-व्यवस्था आणली आणि २०२५ च्या मे महिन्यात जुनी ई-लायसन्सर सेवा बंद केली. कंपनीच्या सोयीसाठी सगळी व्यवस्था मुळापासून बदलता येते, मग ग्राहकाच्या विनंतीवरून एक नाव बदलायला काय आडकाठी आहे? त्या २५ डॉलरबद्दलही मला बोलायचे आहे. नोंद बदलायला कोणाचा तरी वेळ जातो, हे मी धरून चालतो. पण लहानशा प्लगिनची, म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरची, जुन्या बाजारातली किंमतच जर तेवढी असेल, तर तो विकता येतो असे म्हणण्याला काय अर्थ उरतो?

शैक्षणिक सवलतीत घेतलेले कोणी पूर्ण किमतीला विकू नये, फुकट मिळालेले विकू नये, अपग्रेड मूळ परवान्यापासून तोडून विकू नये. हे सगळे मला मंजूर आहे. दादांनी यांतले काहीही केलेले नाही.

कायदा काय म्हणतो ते मी गेल्या महिन्यात शोधून काढले आणि दादांना दाखवले. त्यांच्याशी आता बरेचसे बोलणे लिहूनच होते, त्याच निळ्या वहीच्या मागच्या पानांवर. मी लिहितो, ते वाचतात आणि तोंडाने उत्तर देतात. मी लिहिले, की ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात असे ठरवले, की कायमस्वरूपी वापराचा परवाना पैसे घेऊन एकदा विकला की तो पुढे विकण्यापासून कंपनी ग्राहकाला रोखू शकत नाही, मग सॉफ्टवेअर डिस्कवर आलेले असो की डाउनलोड केलेले. विकणाऱ्याने आपली प्रत निकामी करावी, एवढीच अट. दादा एकदम खूश झाले. मग मला पुढचेही लिहावे लागले. अमेरिकेत २०१० साली व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात अपील न्यायालयाने डिस्कच्या खोक्यांतून आलेल्या जुन्या प्रतींबाबतही सांगितले, की ग्राहक हा मालक नसून नुसता परवानाधारक आहे. २०१८ साली तिथेच, वापरलेल्या गाण्यांच्या फाइल विकणाऱ्या रीडिजी या सेवेच्या खटल्यात रीतसर विकत घेतलेली गाण्यांची डिजिटल फाइल पुन्हा विकण्याचा मार्गही बंद झाला. आणि लायब्ररीवाल्या कंपन्या नेमके हेच म्हणतात, की आम्ही प्रोग्रॅम विकत नाही, ध्वनिमुद्रणे देतो.

दादांनी ते पान दोनदा वाचले आणि विचारले, "मग बटणावर 'खरेदी करा' असे का लिहिले होते?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला आहे, ज्यानुसार डिजिटल वस्तू विकताना 'विकत घ्या' असे लिहायचे तर ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे आधी स्पष्ट सांगावे लागते. म्हणजे दादांच्या मनात जो प्रश्न आला तो एका विधिमंडळालाही पडला. पण दादांनी ते बटण दाबले त्याला आता अकरा वर्षे होतील. किंमत घेताना ती मालकीची घेतली आणि हक्काची वेळ आली तेव्हा भाड्याच्या अटी दाखवल्या, याला मी फसवणूकच म्हणतो. हा शब्द मी शांतपणे विचार करून वापरतो आहे. माझे काही मित्र म्हणतील, की अटींमध्ये लिहिलेले होते. असेल. चाळीस पानी अटी मान्य केल्याशिवाय इन्स्टॉलेशन पुढे सरकतच नाही आणि त्याआधी पैसे कापून गेलेले असतात, हेही त्या मित्रांना ठाऊक आहे.

दुपारी एका स्नेह्यांनी फोनवर सुचवले, की एवढा त्रास कशाला, दादांचा ईमेल आणि पासवर्ड त्या मुलीला देऊन टाका, कोणाला कळणार आहे? असे करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही. सरळ वाट बंद केली की माणसे कुंपणावरून उड्या मारतात, आणि मग त्याच उड्यांकडे बोट दाखवून कुंपण आणखी उंच केले जाते. मी हा पर्याय वहीत लिहून दादांपुढे ठेवला. त्यांनी नकार दिला. नियम मोडेल हे कारण होतेच, पण त्यांनी सांगितले ते दुसरेच. सॉफ्टवेअर उघडताना सुरुवातीच्या पडद्यावर परवाना कोणाच्या नावे आहे ते झळकते. दादा म्हणाले, "ती रोज सकाळी कामाला बसणार आणि पडद्यावर माझे नाव बघणार. तिच्या मशीनवर तिचे नाव पाहिजे."

हे लिहिताना माझा सकाळचा संताप बराच उतरला आहे आणि उरले आहे ते वाईट वाटणे. ज्या कंपनीने आज नकार दिला, तिचे ते व्हायोलिन आणि चेलो खरोखर सुंदर आहेत. कोणीतरी चांगल्या सभागृहात चांगल्या वादकांना बसवून एकेक सूर हळू, जोरात, छेडून, घासून असा पुन्हा पुन्हा वाजवून घेतला, त्या मेहनतीचे मोल दादांनी आनंदाने दिले. त्या आवाजांवर त्यांनी जी कामे केली ती ऐकून कितीतरी जणांनी तीच लायब्ररी घेतली, मी त्यांतला एक. दादांनी परवाना दिला म्हणजे कंपनीचा एक ग्राहक बुडाला, असे हिशेबाच्या वहीत दिसत असेल. मला दिसते ते असे, की आज जिची ऐपत नाही अशी एक मुलगी या आवाजात रमली असती आणि पुढची दहा वर्षे त्याच कंपनीची नवी लायब्ररी कधी येते याकडे डोळे लावून बसली असती.

तुम्ही सगळे हेच काम करणारे आहात, म्हणून एक विनंती. पुढचे काही घेण्याआधी ते दुसऱ्याच्या नावे करता येते का, असे लेखी विचारा आणि उत्तर 'नाही' असेल तर त्या कारणासाठी आपण घेत नाही आहोत हे त्यांना कळवा. याने काय होणार असे म्हणू नका. २०२३ च्या मार्चमध्ये वेव्हज या प्लगिन बनवणाऱ्या कंपनीने कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवून फक्त वर्गणीची पद्धत लागू केली होती आणि ग्राहक इतके खवळले, की काही दिवसांतच तो निर्णय मागे घेऊन परवान्यांची विक्री त्यांना पुन्हा सुरू करावी लागली.

आजच्या ईमेलला मी दादांच्या वतीने पुन्हा उत्तर पाठवले आहे. त्यात त्यांच्या कानांबद्दल लिहू का, असे मी विचारले होते. नको म्हणाले, फक्त पावतीचा क्रमांक आणि तारीख लिही. तसेच लिहिले. काही कळले तर इथेच खाली सांगेन. वहीतल्या ज्या नऊ ओळी पार पडल्या, त्यांच्यापुढे दादांनी त्या मुलीचे नाव शाईने लिहिले आहे. स्ट्रिंग्जच्या ओळीपुढे त्यांनी आज संध्याकाळी तेच नाव पेन्सिलीने लिहून ठेवले.