तीन तिघाडा, चौथा सिक लीव्हवर

डार्केस्ट डंजन हा कॉम्प्युटर गेम घेऊन मला दोन वर्षं झाली आणि तो मी अजून एकदाही संपवलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मग कोणी टिप्स मागायला नको.

गेम कॅनडातला, व्हँकूव्हरच्या रेड हुक नावाच्या स्टुडिओने जानेवारी 2016 मध्ये काढलेला. स्टोरी साधी आहे. आपल्या कुणा पूर्वजाने वाड्याखाली नको ते खोदून काढलं, सगळी इस्टेट नासली, आणि मग पत्र लिहून आपल्याला बोलावलं की ये बाबा आणि निस्तर आता. वडिलोपार्जित मिळकतीच्या भानगडी आपल्याला काही नवीन नाहीत, इथे सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव नाही आणि तळघरात डुकराच्या तोंडाची माणसं राहतात एवढाच काय तो फरक.

आपण स्वतः कुठे जायचं नाही. आपण गावात बसायचं आणि घोडागाडीतून जे भाडोत्री लोक येतील त्यातले चार जण निवडून खाली पाठवायचे. चारच. खांदा द्यायला लागतात तेवढेच, पण त्यातलाच एक वर असतो त्यामुळे एक खांदा कायम कमी पडतो. हे चौघं रेशनच्या लायनीसारखे एकामागे एक उभे असतात, आणि कोण कितव्या नंबरला उभा आहे त्यावर त्याला काय करता येणार ते ठरतं. मार खाणारा पुढे, मलमपट्टीवाली मागे. मलमपट्टीवाली पहिल्या नंबरला आली तर तिला मलमपट्टीच करता येत नाही, नुसती गदा घेऊन लोकांच्या डोक्यात घालत बसते. आणि सेव्ह करून ठेवू, बिनसलं तर परत लोड करू असला प्रकार नाही. गेम स्वतःच सारखा सेव्ह होतो. मेला तो मेला, दहाव्याला बसायचं आणि पुढच्या आठवड्याच्या तयारीला लागायचं.

आता बॅलन्स्ड पार्टी, म्हणजे सगळ्या कामांची माणसं असलेली टोळी, ही काही नवी कल्पना नाही. 1981 मध्ये अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवर विझर्ड्री नावाचा गेम आला त्यात सहा जण असायचे, तीन पुढे मारामारीला, तीन मागे मंत्र म्हणायला. तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या डोक्यात हा फॉर्म्युला फिट्ट बसलाय की एक टँक म्हणजे मार खाणारा, एक हीलर म्हणजे मलमपट्टीवाला, आणि उरलेले डॅमेजवाले म्हणजे मारणारे. मी तर एक्सेल शीट केली होती. खरंच केली होती. क्लास, नंबर, कोण कुठून मारतो, कोण समोरच्याला स्टन म्हणजे सुन्न करतो, वर फिल्टर वगैरे. ऑफिसात माझ्या शीटला कोणी विचारत नाही म्हणून मी घरी करतो असं बायकोचं मत आहे.

आणि चीड कशाची येते माहितीये, बॅलन्स्ड पार्टी हा गेम तुम्हाला पहिल्याच आठवड्यात फुकट देतो! सुरुवातीला रेनॉल्ड नावाचा धर्मयोद्धा आणि डिस्मास नावाचा वाटमाऱ्या मिळतो, मग घोडागाडीतून एक जोगीण येते जी हीलर, आणि चोचीचा मुखवटा घातलेला एक प्लेग डॉक्टर. झाली की पार्टी. शीटबीट काही नको. फक्त एक गोम आहे, की हे चौघं एकदा जाऊन आले की त्यातल्या दोघांचं डोकं फिरलेलं असतं. इथे तब्येतीसारखाच स्ट्रेसचाही आकडा असतो. शंभरला पोचला की माणसाची परीक्षा होते, चारातला एखादा त्यातून तावून सुलाखून निघतो आणि बाकीचे कुणी भेदरट, कुणी संशयी, कुणी मतलबी होतात. दोनशेला हार्ट अटॅक. म्हणजे परत आल्यावर यांना दारूच्या गुत्त्यात नाहीतर मठात पाठवायचं, आठवडाभर, आपल्या खर्चाने, आणि पुढच्या आठवड्याला दुसरे चार शोधायचे. जी पार्टी जुळली ती लागोपाठ दुसऱ्यांदा जातच नाही. ही गोष्ट मला समजायला चाळीस तास लागले आणि माझ्या वडिलांना साधारण वीस मिनिटं.

अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे पुण्याला आले होते. डॉक्टरांनी टीव्ही कमी बघा म्हणून सांगितलेलं, लॅपटॉपबद्दल डॉक्टर काही बोलले नव्हते. तर काळा चष्मा लावून, एका डोळ्यात दर सहा तासांनी थेंब घालून घेत अण्णा माझ्या शेजारी बसायचे आणि त्या आधीच अंधाऱ्या गेमकडे काळ्या चष्म्यातून बघत राहायचे. अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली, टाइम ऑफिसला. कोण पहिल्या पाळीला, कोण रात्रपाळीला, कोण रजेवर, कोण दांडीवर आणि त्याच्या जागी कुठला बदलीवाला, हे त्यांनी तीस हंगाम बघितलंय. त्यामुळे स्क्रीनच्या उजव्या बाजूला नावांची ती उभी पट्टी दिसल्याबरोबर अण्णा ताठ बसले.

"हा हजेरीपट काय रे?"

म्हटलं हो, तसंच समजा.

"बदलीवाले किती ठेवलेस?"

मी म्हटलं अण्णा बदलीवाले नाहीत, चांगले चार सोडून बाकीच्यांना मी काढून टाकतो, उगाच गर्दी. अण्णांनी काळा चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी.

त्याच रात्री तो प्रकार झाला. पडक्या मठाच्या तळघरात पार्टी गेलेली. पहिल्या नंबरला कुष्ठरोगी योद्धा, हा प्राणी ताकदीने राक्षस पण पहिल्या दुसऱ्या नंबरवरूनच मारतो. (अण्णांना इंग्रजी नावं लक्षात राहिनात म्हणून आम्ही त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं, गेममध्ये नाव बदलता येतं.) दुसरा डिस्मास, तिसरा प्लेग डॉक्टर म्हणजे कंपाउंडर, चौथी जोगीण म्हणजे नर्सबाई. शीटप्रमाणे दहापैकी दहा. आता मशाल कमी ठेवली की लूट जास्त मिळते, तर मी हावरटपणा करून मशाल विझत आणली, आणि अंधारात समोरच्यांनी आम्हाला गाठलं. अचानक गाठलं की काय होतं, आपली लाईन विस्कटते. कशीही. बघतो तर नर्सबाई सगळ्यात पुढे, तिच्यामागे कंपाउंडर, मग डिस्मास, आणि पैलवान शेवटी, लग्नात जेवणाच्या पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा मागे उभा.

नर्सबाईला तिथून हील करता येईना. कंपाउंडरला दुसऱ्या नंबरवरून प्लेगचा बॉम्ब टाकता येईना. पैलवानाला काहीच येईना. समोर सांगाड्यांची टोळी, त्यात मागे एक दरबारी सांगाडा असतो, अंगात जरीचे कपडे, हातात पेला. तो सहसा तलवारबिलवार काढत नाही. पेल्यातली दारू तुमच्यावर फेकतो बस, आणि त्याने जखम होते नाममात्र पण स्ट्रेस असला वाढतो की विचारू नका. आता मला सांगा, गावातल्या गुत्त्यात हीच नर्सबाई स्ट्रेस घालवायला जाते तिथे दारूने उतरतो आणि इथे अंगावर उडाली की चढतो, याला काय लॉजिक आहे. तर त्याने नर्सबाईवर एक पेला टाकला. दुसऱ्या टर्नला आणखी एक. मी पैलवानाला पुढे सरकवला, एक टर्न. परत सरकवला, दुसरा टर्न. दोन टर्न हा गडी नुसता चालतोय, हातात अर्धी तुटलेली हातभर रुंद तलवार, आणि कुणाला मारत नाही. तोवर तिसरा पेला आला, नर्सबाई शंभरला पोचल्या आणि संशयी झाल्या. संशयी म्हणजे हिच्या जवळ कोणी मलमपट्टीला गेलं तर ही नको म्हणणार, हिचा टर्न आला की कधी करणार कधी नुसतीच उभी राहणार, आणि वर बाकीच्यांना टोमणे मारून त्यांचा स्ट्रेस वाढवणार. डिस्मास शून्यावर येऊन मरणाच्या दारात उभा होता, एक हील पडलं असतं तर वाचला असता. बाई म्हणाल्या तुम्ही सगळे माझ्याविरुद्ध आहात.

डिस्मास गेला. पहिल्या आठवड्यापासूनचा माणूस.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऊस टाकायच्या गव्हाणीवरचा माणूस साखर शिजवायच्या पॅनवर लावला तर साखर नाही, काकवी निघते. तुझ्या माणसांना एकेकच काम येतं. दोन खात्यातलं येणारा एकतरी लागतो पाळीत."

मी समजावलं की अण्णा ही लाईन मी लावली नव्हती, ती विस्कटली, हा नशिबाचा भाग आहे. "मग? आमच्याकडं काय सगळे वेळेवर यायचे?"

आणि गंमत म्हणजे डिस्मासच तसा होता. वाटमाऱ्या कुठल्याही नंबरवरून काहीतरी करतो, पुढे खंजीर मागे पिस्तुल. जो दोन खात्यातलं जाणत होता तोच मी मारून बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पट्टीने रेघा मारून तक्ता केला. आडवे आठवडे, उभी नावं, प्रत्येक चौकोनात खूण. क म्हणजे कामावर, र म्हणजे रजा, द म्हणजे दवाखाना, म म्हणजे मठ, आणि गोल म्हणजे गेला. माझी एक्सेल शीट त्यांनी एकदा बघितली आणि "यात रजेचा कॉलम कुठाय" एवढंच विचारलं. नव्हता.

मग भरती सुरू झाली. घोडागाडीतून जो येईल तो घ्यायचा, पगार नाही, फंड नाही, त्यामुळे अण्णांना ही मॅनेजमेंट फार आवडली आणि थोडी वाईटही वाटली. नवीन पोरं मशालीशिवाय खाली पाठवायची, जे मिळेल ते घेऊन परत आली की स्ट्रेस उतरवण्याचा खर्च करण्यापेक्षा काढून टाकायची, ही ट्रिक सगळे खेळणारे करतात, मीही करायचो. अण्णांनी एकदाच करू दिली. नंतर म्हणाले हे बरोबर नाही, हंगामात घेतलं तर हंगाम संपेपर्यंत ठेवायचं. मी म्हटलं अण्णा ती खोटी माणसं आहेत. म्हणाले तक्त्यावर नाव आलंय ना.

आठवडा एकतिसावा मी विसरणार नाही. तक्त्यात सतरा नावं आणि कामाला फिट किती, तर तीन. दोघं दवाखान्यात, एकाला रोग लागला म्हणून आणि एकाला अंधाराची भीती बसली म्हणून. चौघं मठात. सोंगाड्या (मूळचा जेस्टर, गाणं म्हणून बाकीच्यांचा स्ट्रेस उतरवतो) जुगाराच्या अड्ड्यावर गेला तो गायबच झाला, आठवडाभर बेपत्ता. गुत्त्यात एक जागा रिकामी असायला हवी होती तर तिथे गावचा केअरटेकर स्वतःच पीत बसलेला, हो, हे गेममध्येच आहे, तुमच्या माणसाची जागा तो खुशाल अडवतो. उरलेले सगळे लेव्हल तीनच्या वर गेलेले, आणि लेव्हल तीन झाला की माणूस सोप्या मोहिमेवर जायला नकार देतो, म्हणे हे माझ्या लायकीचं काम नाही.

"परमनंट झाला की असंच," अण्णा म्हणाले. त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

आता तिघांचं तीन तिघाडा होतं म्हणून चौथा म्हणून मांत्रिक घेतला. हा पण हीलर, पण याच्या हीलमध्ये शून्यसुद्धा येऊ शकतं, आणि वर पेशंटला रक्तस्राव लागू शकतो. मी घाबरत होतो. अण्णा म्हणाले आपल्या गावात दुसरं काय होतं लहानपणी, चल. दोन मशाली कमी कर आणि भाकरी वाढव. गेममध्ये भुकेचा मामला असा आहे की अचानक सगळ्यांना एकदम भूक लागते, प्रत्येकी एक म्हणजे चार शिधे जागच्या जागी, नसले तर जखम आणि स्ट्रेस दोन्ही. अण्णांनी चोवीस घेतले. मला वाटलं पैसे पाण्यात. तीनदा भूक लागली, तीनदा जेवले, उरलेलं त्यांनी जखमींना खायला घातलं कारण खाल्लं की थोडी तब्येत भरते, आणि मांत्रिकाचे दोन हील शून्य येऊनसुद्धा चौघंच्या चौघं परत आले. चौकोनात चार वेळा क. माझ्या शीटने ही पार्टी लाल रंगात दाखवली होती.

रेनॉल्ड मात्र अण्णांच्या डोळ्यात खुपायचा. हा धर्मयोद्धा, छातीवर क्रूस, पण त्याला क्लेप्टोमेनिया, म्हणजे देवाचं नाव घेत पेटी उघडतो आणि आतलं स्वतःच्या खिशात घालतो. दवाखान्यात खर्च करून ही सवय घालवता येते पण अण्णा म्हणाले चोर आहे पण कामाचा आहे, राहू दे, फक्त नाव बदल. काय ठेवू म्हटलं, तर म्हणाले पप्या ठेव. पप्या म्हणजे मी. चौथीत असताना खुंटीवरच्या सदऱ्यातून मी पाच रुपये काढले होते, ते प्रकरण या घरात अजून बंद झालेलं नाही.

मग मी तीन दिवस ऑफिसच्या कामात अडकलो, रात्री बारा बारा वाजता यायचो, गेमला हात लावला नाही. शनिवारी सकाळी उठून बघतो तर हॉलमध्ये अण्णा लॅपटॉपसमोर, चष्मा कपाळावर, शेजारी थेंबांची बाटली, आणि तक्त्याला खालून अजून एक कागद चिकटवलेला. आठवडा अडतीस. मी सात आठवडे मागे राहिलो होतो. कागदावर बोट फिरवत गेलो तर पप्याच्या नावापुढे क, क, म, क, आणि मग एक गोल.

गावातल्या दफनभूमीवर क्लिक केलं. नाव पप्या. खाली कुणी मारलं ते लिहिलेलं असतं. बंदरातल्या एका माशाने.

"अण्णा, मी मेलो?"

"ड्युटीवर गेला रे." नजर स्क्रीनवरच. "पेटी उघडायला पुढं गेला. मी म्हटलं नको जाऊ, पण तुझा स्वभावच तसला."

मी चहा ठेवायला आत गेलो. मागून आवाज आला, "काळजी करू नको, आजच्या गाडीतनं एक बदलीवाला आलाय. तुझंच नाव दिलंय त्याला."