एका फ्लाइट शॉटसाठी अख्खा थवा उडवायचा?

रविवारी आमच्या निसर्ग क्लबबरोबर पाणथळ अभयारण्यात पक्षी बघायला गेले होते, दोन दिवस झाले तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

उजाडायच्या आत बांधावर पोचलो. पाण्यावर धुकं, आधी नुसते आवाजच येत होते, मग हळूहळू आकार दिसायला लागले. वारकरी नावाचे काळे पाणपक्षी, थापटे बदकं, एका पायावर उभा असलेला राखी बगळा आणि समोरच्या उथळ चिखलात साठ-सत्तर काळ्या शेपटीचे पाणटिवळे, म्हणजे लांब चोचीचे स्थलांतरित पक्षी. स्कोपमधून, म्हणजे स्टँडवरच्या दुर्बिणीतून, बघितलं तर एकाची चोच पार कपाळापर्यंत चिखलात रुतलेली. ही चोच म्हणजे कमाल आहे, टोकाला इतकी संवेदना असते की आतला किडा न बघता कळतो, आणि अख्खी चोच न उघडता फक्त टोक उघडून चिमट्यासारखा धरता येतो. त्याने एक लालसर किडा ओढला, तो रबरासारखा ताणला गेला, मग सुटला, पक्ष्याने पाण्यात विसळला आणि गिळला. आम्ही आळीपाळीने बघत होतो, कुणी एक शब्द बोलत नव्हतं.

तेवढ्यात मागून जोरात टाळी वाजली. आमच्याच ग्रुपमधल्या एकाने वाजवली, उडतानाचा फोटो हवा म्हणून. सगळे पाणटिवळे एकदम उठले, त्यांच्यामागे थापटे, वारकरी तर बिचारे पाण्यावर पाय आपटत पळत सुटले, कारण त्यांना तसं धावल्याशिवाय हवेत उठताच येत नाही. मिनिटभरात समोर नुसता चिखल.

"काय होतं एवढं, येतात की परत" असं लगेच कुणीतरी म्हणालं. मला याचाच राग आहे. २०२२ मध्ये याच पाणटिवळ्याच्या भाऊबंदाने, म्हणजे पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या जेमतेम पाच महिन्यांच्या पिल्लाने, अलास्का ते टास्मानिया १३,५६० किलोमीटर अंतर ११ दिवसांत कापलं, अंगावर माग काढणारा टॅग लावलेला होता म्हणून कळलं. मध्ये कुठे उतरलं नाही, पोटात काही गेलं नाही. निघायच्या आधी हे पक्षी अंगावर भरपूर चरबी चढवतात आणि त्यांचं जठर, आतडी चक्क आकसतात. आमच्या समोरचे एवढ्या लांबून आलेले नसतीलही, पण स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक पक्ष्याचं गणित तेच, चिखलातला एकेक किडा म्हणजे पुढच्या प्रवासाची शिदोरी. उडवलं की खाणं थांबतं आणि साठवलेलं खर्च होतं, आणि आपल्यामागून येणाऱ्या दुसऱ्या ग्रुपनेही तेच केलं तर? दिवसभर हेच चाललं तर?

विणीच्या दिवसांत तर याहून वाईट. शेकाट्या, टिटवी यांची घरटी उघड्यावर जमिनीवर असतात, आई उठली की अंडी थेट उन्हात, नाहीतर कावळ्याच्या नजरेत. मोबाईलवर पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं हाही मला त्यातलाच प्रकार वाटतो.

खरं तर उडायच्या आधी पक्षी सांगत असतो हो! खाणं थांबतं, मान ताठ होते, मग चालत चालत लांब सरकतो. पहिली मान वर झाली की आपण तिथेच थांबायचं, अजून दोन पावलं मागे यायचं. क्लबने वॉक सुरू व्हायच्या आधी हे दोन मिनिटांत सांगावं, आणि तरी कुणी टाळी वाजवलीच तर त्याला सगळ्यांसमोर थांबवावं. मीही त्या वेळी गप्प बसले, बोलायला हवं होतं. आणि दिसलेल्या पक्ष्यांची यादी भरायची घाई कमी करा ना, तीन तासांत अख्खा बांध पालथा घालण्यापेक्षा एका जागी तासभर बसा.

बाकीचे पुढे गेले तेव्हा आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो, वेताच्या झुडपाआड. बराच वेळ काही नाही. मग एक शेकाट्या आला, लांबलचक गुलाबी पाय टाकत आमच्यासमोरून निघून गेला. मग लांबवर तीन पाणटिवळे उतरले, मान वर करून उभे राहिले, कितीतरी वेळ. आम्ही हललो नाही. शेवटी त्यातल्या एकाने मान खाली घातली आणि चोच चिखलात खुपसली.